चहाचं पचक्खाण

कळंबात पुणे-नाशिक रस्त्याला लागून भंवरलाल शेठचं कापडाचं दुकान आहे. पाटीवर नाव भंवरलालचं आणि गल्ल्यावर आता मुलगा पीयूष, पण आसपासच्या गावांना ते दुकान माहीत आहे ते पानबाईंच्या चहामुळं. पानबाई म्हणजे भंवरलालच्या पत्नी. महाळुंगे पडवळचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला निघाला, की वाटेत भेटणारा "कुठं निघालात?" असं विचारतच नाही. "शेठाणीचा चहा प्यायला का?" असं विचारतो.

पानबाई घोडेगावच्या. लग्न होऊन कळंबला आल्या तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत एक स्टो आणि एक पितळी पातेलं होतं. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "बेटा, गिऱ्हाईक साडी घेवो न घेवो, चहा घेतल्याबिगर गेलं नाही पाहिजे." तो शब्द पानबाईंनी कधी खाली पडू दिला नाही. त्यांच्या चहात आलं नसतं. आलं म्हणजे जमिनीखालचा कंद, तो जैनाच्या घरात कसा चालेल? मग त्या सुंठ घालतात, स्वतः खलात कुटून. आल्याचा चहा पिणारे पाहुणेसुद्धा इथली सुंठ पुडीत बांधून मागून नेतात.

एकदा तर त्या चहानं मोडायला आलेलं लग्न वाचवलं. येडगावची पार्टी बस्त्याला आली होती. मानपानाच्या साड्यांवरून दोन्ही व्याह्यांची जुंपली. मुलीचा बाप तणतणत उठला आणि बाहेर जीपमध्ये जाऊन बसला. आत साड्यांचा ढीग तसाच पसरलेला. पानबाईंनी चहाचा ट्रे भरला आणि सरळ मुलाच्या बापाच्या हातात दिला. "दादा, माझा गुडघा दुखतोय. तेवढा जीपपर्यंत चहा पोचवता का?" आता बाईमाणसानं गुडघ्याचं कारण सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? तो गेला. जीपमध्ये दोघं समोरासमोर बसले, मध्ये ट्रे. कप रिकामे होईपर्यंत तरी भांडता येत नव्हतं. ते परत आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. आणि पानबाई? त्या शिडीवर चढून वरच्या फळीवरची पैठणी काढत होत्या! मुलाचा बाप म्हणाला, "शेठाणी, गुडघा?" "बरा झाला की," पानबाई म्हणाल्या.

नवरा-बायकोच्या चहाची तऱ्हा मात्र निराळी. दोघांत कप एकच. भंवरलाल अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचे आणि कप पानबाईंकडं सरकवायचे. नव्या नवरीला सासूसमोर वेगळा कप घ्यायची लाज वाटायची, तिथून ही रीत पडली. सासू जाऊन जमाना लोटला, कपाटात कपांचे सेट धूळ खात पडलेत, तरी कप एकच राहिला.

तर अशा या घरातली नात, पीयूषची मुलगी सिद्धी, शिकून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. दिवाळीला घरी आली आणि दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसली. समोर रखमाजी बसलेले. रखमाजी म्हणजे महाळुंगे पडवळचे बागायतदार, भंवरलालचे शाळेपासूनचे दोस्त. बाजाराला आले की शेठाणीचा चहा घेतल्याशिवाय त्यांची बोलेरो घराकडं वळत नसे.

"सिद्धे, तू पुण्यात करती तरी काय गं?" रखमाजींनी विचारलं. "तुझा बाप सांगतो लॅबमधी हाय. लॅबमधी म्हंजी रगात तपासती का?"

"नाही बाबा. मी पेशींवर काम करते." सिद्धीनं शेजारच्या ताग्याचं टोक ओढलं. "हे बघा. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक दोरा असतो. आपण कसं घडायचं तो सगळा नमुना त्या दोऱ्यात. त्याला डीएनए म्हणतात. एका पेशीच्या दोन होताना तो नमुना उतरवून घ्यावा लागतो."

"एक साडी समोर ठेवून दुसरी विणायची, तसं," पानबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या.

"बरोब्बर दादी! आता त्या पेशीवर किरणांचा मारा केला, की दोरा तुटतो. पण पेशीत एक मुकादम असतो. तो लगेच माग बंद पाडतो. आधी तुटलेलं सांधा, मग पुढं विणा, असं ओरडतो."

"आणि तू?"

"मी पेशींना कॅफिन देते. चहा-कॉफीत असतं ना, ते. त्यानं मुकादमाचं तोंड बंद होतं. पेशी थांबतच नाही. तुटक्या दोऱ्यानिशी विणत सुटते आणि शेवटी मरते. आमच्या पेशी कॅन्सरच्या गाठीतल्या असतात, त्या किरणांनी जास्त मराव्यात म्हणून हा खटाटोप."

रखमाजींनी मांडीवर थाप मारली. "आयला! ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बी असाच! चहा पाजला की वरडायचा थांबतो!"

सगळे हसले. सिद्धीनं सांगितलं ते खरंच होतं, तिच्यासारख्या अनेकांनी काचेच्या ताटलीत ते पाहिलेलंही होतं. फक्त ताटलीत कॅफिन किती घालतात, ते कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

संक्रांत झाली आणि भंवरलालचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं तिळगुळानं खवखवलं असेल. तपासण्या झाल्या, घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रोज लाइट घ्यायला यायचं, म्हणजे किरणांचा उपचार. शनिवार-रविवार सुट्टी. नेण्या-आणण्याचं रखमाजींनी परस्पर ठरवून टाकलं. पीयूष गाडीभाड्याचं बोलायला गेला तर म्हणाले, "तू दुकान बघ. तुझ्या बापाला मी शाळंतून पळवून नेत व्हतो, आता दवाखान्यात न्यायला काय झालं?"

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की किरण गाठीला मारतात, पण वाटेतल्या चांगल्या पेशींनाही थोडा चटका बसतो. तोंड येईल, घसा सोलवटेल, चव जाईल. पण चांगल्या पेशी स्वतःला सांधून घेतात, काळजी नको.

ते 'सांधून घेतात' पानबाईंनी ऐकलं मात्र, दिवाळीतलं सगळं बोलणं आठवलं. किरण दोरा तोडणार. मुकादम सांधायला सांगणार. आणि त्या मुकादमाचं तोंड बंद करणारी वस्तू या माणसाला आपण आयुष्यभर आपल्या हातानं पाजत आलो!

आता कुणी म्हणेल, कपभर चहात असं असून असेल किती? पण पानबाईंना मापाचा प्रश्न पडलाच नाही, कारण त्या ज्या शिस्तीत वाढल्या तिथं माप चालत नाही. सूर्य मावळल्यावर पाण्याचा एक थेंब जिभेवर आला काय आणि तांब्याभर पाणी प्यालं काय, नियम मोडला तो मोडलाच. उपवासात भाताचं एक शीतसुद्धा शीतच. थेंब म्हणजे सगळंच, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नव्हतं. तोच कायदा त्यांनी पेशींना लावला.

त्या वेळी मंचरच्या जैन स्थानकात दोन साध्वी उतरल्या होत्या. त्यांना महासतीजी म्हणतात. परतीच्या वाटेवर पानबाई तिथं गेल्या, हात जोडले आणि पचक्खाण घेतलं, म्हणजे साध्वींच्या समोर वस्तू सोडायचं व्रत. शेठचे लाइट संपेपर्यंत मी चहा घेणार नाही. कप एकच, त्यामुळं शेठचाही आपोआप सुटला. आणि घरी आल्यावर त्यांनी पितळी पातेलं घासून उपडं घातलं. त्या पीत नाहीत तर घरात आणि दुकानात कुणालाच मिळेना.

गिऱ्हाइकं आली आणि बावचळली. सरबत आलं, ताक आलं. एक म्हातारा ताकाचा पेला हातात धरून पीयूषला हळूच विचारत होता, "घरात काही दुःखद?" पानबाईंचं स्वतःचं डोकं असं ठणकायचं की कपाळाला सुंठेचा लेप लावून त्या साड्या दाखवायच्या.

भंवरलालनं तक्रार केली नाही. तोंड आलेलं, बोलताना घसा चिरायचा. खाणं म्हणाल तर डाळीचं पाणी दोन चमचे, ताक एक घोट, की वाटी बाजूला. वजन उतरत चाललं. सदऱ्यात माणूस आहे की खुंटीला सदरा टांगलाय, असं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाई एकदा स्पष्टच म्हणाल्या, "आजी, पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. अशक्तपणा आणखी वाढला तर लाइट मध्येच थांबवावे लागतील. आणि ते मला अजिबात नकोय."

भंवरलालनं नळीला मान हलवून साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी रखमाजी थर्मास घेऊन आले. गाडी पेठच्या पुढं गेली आणि त्यांनी झाकण उघडलं. आत काळी कुळकुळीत कॉफी. सगळ्या गाडीत वास सुटला.

"शेठ, नाक दाबायचं आन् गिळायचं. लई कडू हाय पर औषध हाय."

"रखमाजीभाऊ, ते बंद करा!" पानबाई मागून ओरडल्या. "सिद्धी काय म्हणाली विसरलात? मुकादमाचं तोंड बंद होतं!"

"मंग तेच तर पायजे! गाठीतला मुकादम गप पडला पायजे का न्हाई? तवाच गाठ मरंल!"

"आणि चांगल्या पेशीतला मुकादम? तो काय तुमचा पाहुणा आहे?"

"भाभी, तुमी अर्धंच ऐकलं."

"अर्धं तुम्ही ऐकलं!"

मध्ये बसलेले भंवरलाल एकदा पुढं बघायचे, एकदा मागं. त्यांना हसायला येत होतं आणि हसलं की घसा दुखत होता. शेवटी त्यांनी हात वर केला आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "सिद्धीला बोलवा."

सिद्धी प्रयोगशाळेतून तशीच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसली. दोघांचं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. दादी, अख्खं घर चहावाचून बसलंय, ते माझ्यामुळं?"

"तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. आणि ते खोटं नाही. पण दादी, मी ताटलीत कॅफिन घालते ते किती, माहितेय? तेवढं माणसाच्या रक्तात यायचं म्हटलं तर त्यानं एका दमात शंभरावर कप चहा प्यायला पाहिजे. आणि तेवढा प्यायच्या आधीच त्याचं काळीज बंद पडेल. कपभर चहाच्या मापाचं घातलं ना, तर मुकादमाला पत्तासुद्धा लागत नाही."

पानबाईंनी तिचा हात धरला. "म्हणजे थेंबानं काही होत नाही?"

"थेंबानं थेंबाएवढंच होतं, दादी. पेशीचं सगळं मापावर असतं."

"बघा," रखमाजी खुलले. "म्हंजी कॉफी चालतीय."

"बाबा, तुमच्या कॉफीनं गाठपण मरणार नाही. तेच माप! त्याचं औषध करता येईल का म्हणून लोक कधीपासून बघतायत, अजून झालं नाही. आणि असली कडू कॉफी सोललेल्या घशात ओतली तर दादाजी तुम्हाला गाडीतून ढकलतील."

"तेवढी ताकद आली तर ढकलू दे की," रखमाजी म्हणाले आणि थर्मासचं झाकण लावून टाकलं.

सिद्धीनं डॉक्टरीणबाईंनाही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, कोमट, भरपूर दुधाचा चहा चालेल, अगदी खुशाल. सुंठ-मसाला नको. पोटात जाईल ते चांगलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर पानबाईंनी उपडं पातेलं सुलटं केलं. चहाचा वास मागच्या खोलीतून दुकानात आला तेव्हा साडी बघणाऱ्या दोन बायका एकदम मागं वळल्या. पानबाईंनी चहा निववला, बोट बुडवून बघितला आणि भंवरलालच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी कप उचलला. अर्धा बशीत ओतला. आणि कप पानबाईंकडं सरकवला.

"मला पचक्खाण आहे हो," पानबाई म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

भंवरलालनं बशी खाली ठेवली.

"असं काय करता? लाइट संपले की मी घेईनच. आता तुम्ही प्या."

त्यांनी मान हलवली. पानबाईंनी बशी त्यांच्या ओठाला लावली, तर लहान मुलासारखे ओठ मिटून घेतले. पीयूष येऊन विनवून गेला. चहावर साय धरली. मग पानबाईंना रडू कोसळलं. "मी कुणासाठी सोडला? तुमच्यासाठीच ना? आता तुमच्यासाठीच मोडू का?" भंवरलालनं त्यांचा हात हातात घेतला, पण चहाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. काट्यावर वजन आणखी उतरलं आणि नर्सनं नळीची पिशवी आणून टेबलावर ठेवून दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत वाट बघते."

शुक्रवारी सकाळी गाडी कळंबातून निघाली. मंचरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं दोन पांढऱ्या आकृती अनवाणी चालत येताना दिसल्या. महासतीजींचा विहार सुरू झाला होता, नारायणगावच्या दिशेनं.

"भाऊ, थांबवा, थांबवा!"

रखमाजींनी बोलेरो एकदम कडेला घेतली. मागून ट्रकवाला हॉर्न आणि शिव्या एकदमच देऊन गेला. पानबाई उतरल्या, धुळीतच हात जोडून उभ्या राहिल्या आणि एका श्वासात सगळं सांगितलं.

मोठ्या महासतीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "चहा करा, चहा प्या, असं आम्ही साध्वी कुणाला सांगत नाही, पानबाई. स्वैपाकाची आज्ञा आम्हाला देता येत नाही."

"ते माहीत आहे मला. पण मी काय करू?"

"पचक्खाण घेताना शेवटी काय म्हणालात?"

पानबाईंना ते झोपेतसुद्धा येत होतं. लहानपणापासून उपवास म्हणा, एकासणं म्हणा, प्रत्येक वेळी म्हटलेलं. त्यांनी घडाघडा म्हटलं, "अन्नत्थणाभोगेणं, सहसागारेणं, महत्तरागारेणं, सव्वसमाहिवत्तियागारेणं वोसिरामि."

"या शब्दांत काय मागितलंत?"

गावातल्या निम्म्या सुनांना पानबाईंनी हे पाठ करून दिलं होतं. अर्थ मात्र कधी विचारला नव्हता.

"सूट मागितलीत. व्रत घेतानाच. विसरून झालं तर सूट, अचानक घडलं तर सूट. आणि शेवटची सूट आहे समाधीची. जीव तळमळायला लागला, त्याची शांती जायला लागली, तर. जुन्या लोकांनी त्यात आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही धरलंय." त्यांनी गाडीकडं बघितलं. काचेतून भंवरलालचा सुकलेला चेहरा दिसत होता. "ज्यांनी हे शब्द बांधले त्यांना माणसं माहीत होती. त्या सुटीतून जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. गेलात तर मनात सल ठेवू नका, आणि राहिलाच तर लाइट संपल्यावर एक आयंबिल करा." बिनतेला-तुपाचं, बिनमिठाचं एकवेळचं जेवण करायचं त्या सांगत होत्या. मग त्यांनी हात वर करून मंगलपाठ म्हटला आणि पुढं चालू लागल्या.

पानबाई गाडीत येऊन बसल्या.

"काय म्हनल्या?" रखमाजींनी न राहवून विचारलं.

"गाडी हाणा," पानबाई म्हणाल्या. "लवकर परत यायचंय."

दुपारी दुकानात आल्या त्या पदर खोचून सरळ मागच्या खोलीत गेल्या. दूध ठेवलं. सुंठेच्या डब्याकडं हात गेला, तो मागं घेतला. चहा गाळला, निववला, घेऊन आल्या. रखमाजी जायला निघाले होते, ते चपला काढून पुन्हा गादीवर बसले.

भंवरलालनं अर्धा चहा बशीत ओतला आणि कप सरकवला. पानबाईंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, कप उचलला आणि एक मोठा घोट घेतला. इतक्या दिवसांनी चहा पोटात गेला तशी डोक्यातली ठणक पहिल्यांदा जरा ढिली पडली. डोळे उघडले तर भंवरलाल बशी हातात धरून त्यांच्याकडं टक लावून बघत होते.

"आता काय? घ्या की!"

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं. आवाज म्हणजे नुसती हवा. "मला कशाचीच चव लागत नाही. पाणी काय, ताक काय, सगळं ओल्या मातीसारखं. तू पिऊन सांगितलंस तर मला कळेल."

एवढे दिवस पानबाईंना वाटत होतं की हा माणूस हट्ट करतोय.

त्यांनी दुसरा घोट घेतला, तोंडात घोळवला. "साखर जरा पुढं गेलीय," त्या म्हणाल्या. "दूध आज म्हशीचं आहे, दाट. पावडर थोडी कमी पडली, हात विसरला माझा. सुंठ नाही, म्हणून मागं काही राहत नाही. गोड, गुळगुळीत लागतोय. आपल्या पीयूषला ताप आला की करायचे ना, तसला."

भंवरलालनं बशी ओठाला लावली. गिळताना कपाळावर आठी पडली. थांबले, पुन्हा गिळलं. पानबाई सांगत राहिल्या, सायीचं सांगितलं, करपट वासाचं सांगितलं, आणि ते एकेक घोट घेत राहिले. बशी रिकामी झाली.

"पावडर वाढव," ते म्हणाले आणि बशी पुढं केली.

"मला बी," रखमाजी म्हणाले, "पर माझ्यात सुंठ घाला हां भाभी, माझा घसा धड हाय."